मांडीचं रक्त

दुपारी तीन वाजून बावीस मिनिटांनी बस डेपोच्या मागच्या भिंतीशी तीन पोलिसांनी एका माणसाला पालथं पाडलं. तीन एकतीसला त्याचं ओरडणं थांबलं. तीन बावन्नला रुग्णवाहिका आली, चार सतराला सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तो मेल्याचं सांगितलं, आणि पाचच्या आत तो तळमजल्यावरच्या शवागारात मामांच्या ताब्यात आला.

पहिल्या दोन वेळा डेपोच्या कॅमेऱ्यावरून कळल्या. कॅमेऱ्यासमोर एक खांब आहे. खांबाच्या एका बाजूला त्या माणसाचे पाय दिसतात, रंगाचे शिंतोडे उडालेली पँट दिसते, पोलिसांचे बूट दिसतात. गुडघे कोणाचे, कुठे आणि किती वेळ होते, ते खांबाच्या आड राहिलं. पुढचं सगळं भांडण त्या आडोशातून उभं राहिलं.

मामा म्हणजे शवागारातले मदतनीस. ते नेमके कोणाचे मामा हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं, पण चोवीस वर्षांत अधीक्षकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत आले होते. देह उतरवून घ्यायचा, वजन-उंची नोंदवायची, डॉक्टरबाई सांगतील तसा उघडायचा, नमुने बाटल्यांत भरायचे आणि शेवटी टाके घालून, धुऊनपुसून, घरच्यांना बघवेल असा करून द्यायचा, हे त्यांचं काम. टाके इतके बारीक की वरचा कारकून म्हणायचा, "मामांच्या हातून गेलेल्या गिऱ्हाइकाची आजवर एकही तक्रार नाही."

मेलेला माणूस चौतीस वर्षांचा. घरं रंगवायचा. सोबतचे कामगार त्याला डिस्टेंपर म्हणायचे. त्या दुपारी त्याने नशेची पावडर घेतली होती, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं, त्याच्या बहिणीचंही नाही. उघड्या अंगाने तो डेपोत शिरला, तिथे नसलेल्या कोणाशी तरी भिंतीकडे तोंड करून भांडला आणि हातातला रंगाचा रिकामा डबा त्याने उभ्या बसवर भिरकावला. काच फुटली नाही. पोलिसांना फोन मात्र गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पोलिसांचा कागद आला. तो घेऊन येणारे निरीक्षक शवागारात नेहमीचेच. त्यांच्या गणवेशाची घडी कधी मोडत नसे म्हणून मामांनी त्यांना इस्त्रीसाहेब असं नाव ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. कागदावर संभाव्य कारणाच्या रकान्यात आधीच टाइप केलेलं होतं: अंमली पदार्थामुळे उन्मादावस्थेत मृत्यू.

डॉक्टरबाईंनी कागद वाचला आणि उन्माद म्हणजे नेमका कुठला आजार, असं विचारलं. इस्त्रीसाहेबांनी प्रशिक्षणात शिकवलेलं सांगितलं. माणूस नशेत पेटतो, अंगात दहा जणांचं बळ येतं, कोणाला आवरत नाही, आणि मग एकाएकी हृदय बंद पडतं.

"सव्वीस वर्षं मी हे काम करतेय," बाई हातमोजे चढवत म्हणाल्या. "घरी, अंथरुणात या आजाराने मेलेला एकही माणूस माझ्या टेबलावर आलेला नाही. हा बरा तुमच्याच लोकांच्या हाताखाली होतो, साहेब."

इस्त्रीसाहेब हसले. बाई हसल्या नाहीत.

टेबलावर दोन गोष्टी सापडल्या. हृदय चारशे साठ ग्रॅम भरलं. त्या वयाला ते जड होतं. वर्षानुवर्षं पावडर घेणाऱ्यांचं तसं होतं. दुसरी गोष्ट पाठीत. वरून कातडीवर काही नव्हतं. बाईंनी देह पालथा घ्यायला सांगितला, पाठ उघडली, तेव्हा डाव्या खवाट्यावरच्या मांसात तळहाताएवढं काळंनिळं रक्त साकळलेलं दिसलं. मामांनी शेजारी पट्टी धरली, बाईंनी फोटो घेतले. इस्त्रीसाहेब दोन पावलं पुढे आले, वाकून पाहिलं आणि पुन्हा दाराशी जाऊन उभे राहिले.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसणारी नव्हती. रक्तात किती पावडर होती ते प्रयोगशाळा सांगणार होती. बाईंनी अहवालात कारणाच्या जागी "मत राखून ठेवले आहे" असं लिहिलं. तिसऱ्या दिवशी देह बहिणीच्या ताब्यात गेला आणि त्याच दुपारी अंत्यविधी झाला.

यानंतर पाच आठवडे वर्तमानपत्रांत दोन बाजू पडल्या. पोलिसांचा प्रवक्ता म्हणे, तो पावडरीने मेला. आमच्या माणसांनी त्याला, त्याच्यापासूनच, वाचवायचा प्रयत्न केला. बहिणीचा वकील म्हणे, पालथ्या माणसाच्या पाठीवर नऊ मिनिटं वजन टाकलं की त्याला श्वास घेता येत नाही. त्याला पावडर लागत नाही. दोघेही शेवटी एकच वाक्य बोलत: रक्ताचा अहवाल येऊ द्या.

तो एका बुधवारी सकाळी आला. बाईंनी पाकीट स्वतः फोडलं. मामा कोपऱ्यातल्या मोरीत सुऱ्या धूत होते. बाईंनी आकडा मोठ्याने वाचला आणि खुर्चीत बसल्या.

"एवढ्या आकड्याला धडधाकट माणूसही जातो, मामा. पाठीवर कोणी बसलं काय नि नाही काय." मग कागदावरून नजर न उचलता त्यांनी विचारलं, "रक्त मांडीचंच होतं ना?"

"मांडीचंच, मॅडम," मामा म्हणाले.

उत्तर तोंडातून निघून गेलं, तेव्हा त्यांचे हात साबणात होते. कोणी वेळ विचारली की मनगटाकडे नजर जावी, तसं ते निघालं होतं.

बाईंनी मांडीचं का विचारलं, हे शवागारात काम करणाऱ्या कोणालाही कळलं असतं. माणूस मेल्यावर त्याच्या फुप्फुसांत, यकृतात मुरलेलं औषध हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारच्या हृदयातल्या रक्तात उतरतं. हृदयातून घेतलेल्या रक्तात म्हणून आकडा फुगतो, कधी दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. मांडीची शीर या सगळ्यापासून लांब असते. तिथला आकडा जिवंतपणीच्या आकड्याच्या जवळ राहतो. अकरा वर्षांपूर्वी बाई एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी हुकूम काढला, यापुढे रक्त फक्त मांडीचं.

मामांनी तो मानला. त्यांनी लेबलं बदलली. कामात हात ओले असतात, मोजे असतात, शाई पसरते. म्हणून मामा दर सोमवारी सकाळी आठवड्याची पंचवीस लेबलं एकदम लिहून ठेवत. क्रमांक आणि तारखेला जागा मोकळी, खाली त्यांच्या वळणदार अक्षरात "रक्त, मांडी". अक्षर असं की बाहेरून आलेले डॉक्टर त्याचं कौतुक करून जात. पण मांडी दर वेळी रक्त देत नाही. कधी शीर रिकामी असते, कधी रक्त गोठलेलं असतं. तोवर छाती उघडलेली असते, हृदय समोर असतं, पिचकारी हातात असते आणि बाईंचं डोकं दुसऱ्या कामात खाली असतं. अशा वेळी मामा हृदयातून घेत आणि बाटलीवर तयार लेबल चिकटवत. बांधकामाच्या परांचीवरून पडलेल्या मजुराच्या किंवा गाडीखाली आलेल्या म्हातारीच्या बाबतीत त्याने काय बिघडणार होतं? अकरा वर्षं काही बिघडलं नव्हतं.

डिस्टेंपरच्या वेळी काय झालं होतं ते मामांना लख्ख आठवत होतं, आणि तीच अडचण होती. उजव्या मांडीत सुई घातली, काही आलं नाही. डाव्या मांडीत घातली, चमचाभर पाणचट आलं. तेवढ्यात बाईंनी हाक मारली, पाठ बघायची आहे, पालथं घ्यायला लागेल, हात लावा. दाराशी इस्त्रीसाहेब घड्याळ बघत होते. मामांनी घाईघाईत हृदयात सुई टाकली, बाटली भरली, लेबल लावलं आणि खांद्याला हात घातला.

बाईंनी सोमवारी अंतिम मत द्यायचं ठरवलं. वाक्य त्यांनी मामांनाच बोलून दाखवलं होतं: अंमली पदार्थाच्या अतिसेवनाने मृत्यू, पाठीतली इजा झटापटीतली, जिवावर बेतणारी नाही. ते वाक्य कागदावर उतरलं की प्रकरण संपणार होतं. तिघे पोलीस सुटणार होते, आणि बहिणीच्या हातात जो दाखला पडणार होता, त्यात तिचा भाऊ स्वतःच्या हाताने मेलेला असणार होता.

बहीण गुरुवारी आली. दर गुरुवारी येत असे. चपलांच्या कारखान्यात तळवे चिकटवण्याच्या कामावर होती. दुपारच्या सुट्टीत दोन बस बदलून यायची आणि शवागाराच्या खिडकीशी उभी राहायची. अंगाला सरसाचा उग्र वास. दाखला वरच्या मजल्यावर मिळतो हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण वरचा कारकून तिला उभं करत नव्हता आणि मामा निदान बसायला स्टूल द्यायचे.

त्या दिवशी तिला अहवालाची कुणकुण लागली होती. वकिलाने फोन केला होता.

"आकडा मोठा आलाय म्हणे," ती म्हणाली.

मामा म्हणाले की त्यांना त्यातलं काही कळत नाही, बाईच सांगतील.

"तुम्हाला कळत नाही असं इथे काही असेल असं वाटत नाही, मामा." ती स्टुलावर बसली नाही. "तो पावडर घ्यायचा. मी कधी नाही म्हटलं? दोनदा मीच त्याला घराबाहेर काढलाय. माझ्या पोरीच्या कानातलं विकलंन् त्याने. मेला असता कुठेतरी पावडर घेऊन, तर मी म्हटलं असतं, सुटला, आणि आम्हीही सुटलो. पण त्या दिवशी त्याच्या पाठीवर पावडर बसली नव्हती. माणसं बसली होती."

मामांनी मान हलवली.

"डेपोतल्या चहावाल्याने ऐकलंय. शेवटी तो ताई, ताई करत होता. पोलिसाला वाटलं शिव्या देतोय." तिने पदराने नाक पुसलं. "मला फक्त कागदावर ते नकोय. बाकी काही करा. मला त्यांना फासावर चढवायचं नाही. पण त्याने स्वतःला मारलं असं लिहिलेला कागद मी घरात ठेवणार नाही."

ती गेल्यावर मामांनी स्टूल उचलून आत ठेवलं. सोमवारची लेबलं कपाटात होती, पंचवीसपैकी सोळा उरलेली. त्यांनी ती हातात घेतली, वाचली, परत ठेवली.

शुक्रवारी सकाळी नाश्त्याला त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. बाटल्या आणि लेबलं तिला समजावून सांगावी लागली नाहीत. तिने पावाला लोणी लावता लावता ऐकून घेतलं.

"बाईंनी विचारलं होतं तुम्हाला?"

"विचारलं होतं."

"मग?"

"मांडीचं म्हणालो."

"विचारलं नसतं तर ती चूक होती," बायको म्हणाली. "आता ते खोटं झालं." पाव त्यांच्या ताटलीत ठेवून ती आपला डबा भरायला उठली. त्या दिवशी दोघांत एवढंच बोलणं झालं.

मामा नऊ वाजता बाईंच्या खोलीत गेले. बसा म्हटल्यावर बसले नाहीत. मांडीतून आलं नाही, हृदयातून घेतलं, लेबल तेच लावलं, हे त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. चौथ्यात हे सांगितलं की ही पहिली वेळ नव्हती.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "किती वेळा?"

"मोजलं नाही, मॅडम. पाचातून एकदा असेल. उन्हाळ्यात जास्त."

"अकरा वर्षं."

"हो."

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला असावा, कारण त्यांचा चेहरा उतरत गेला. "मामा, ती नर्स आठवते का?"

मामांना आठवत होती. एका आजारी म्हाताऱ्याच्या घरी राहणारी नर्स. म्हाताऱ्याच्या रक्तात झोपेच्या औषधाचा मोठा आकडा निघाला, आणि त्या आकड्यावर ती तुरुंगात गेली. त्याला आता सात वर्षं झाली होती. आकड्याखाली सही बाईंची होती. बाटलीवर अक्षर मामांचं.

"त्या वेळी कुठून घेतलं होतंत?"

मामांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. म्हाताऱ्याचा चेहरा आठवला, त्याचे पिवळे पडलेले पाय आठवले, घातलेले टाके आठवले. सुई कुठे टोचली ते काही केल्या आठवेना.

"नाही सांगता येणार," ते म्हणाले.

बाई उठल्या आणि दार लावून आल्या. मामांना वाटलं, आता त्या ओरडतील. पण बाईंनी कपाटातून कोरा कागद काढला आणि मामांसमोर ठेवला. "हे जे सांगितलंत ते लिहा. वेळ, तारीख, सगळं. मी विचारल्यावर काय उत्तर दिलंत, तेही." मग अगदी खालच्या आवाजात, "मी फक्त हुकूम काढला. अकरा वर्षं तुमच्या शेजारी उभी होते आणि एकदा डोकं वर करून बघितलं नाही. ते मी माझ्या कागदावर लिहीन."

सोमवारी अंतिम मत गेलं नाही. त्याऐवजी अधीक्षकांकडे दोन कागद गेले. मंगळवारी मामांना सांगण्यात आलं की त्यांनी यापुढे नमुन्यांना हात लावायचा नाही. धुण्याचं आणि टाक्यांचं काम करायचं. वरच्या कारकुनाने थट्टा बंद केली. बुधवारच्या वर्तमानपत्रात बातमी आली, आणि बहिणीच्या वकिलाने पत्रकारांना सांगितलं की पोलिसांचा एकमेव आधार कोसळला आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मामांना नीट जेवण गेलं.

मृत्यूची सरकारी चौकशी तीन आठवड्यांनी होती. ती घेणारे अधिकारी महसूल खात्यातले होते. त्यांच्या कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, लांबट खोलीत, एका बाजूला पोलिसांची वकीलबाई, दुसऱ्या बाजूला बहीण आणि तिचा वकील. मामांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. खुर्चीत बसल्यावर हातांचं काय करावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी हात मांडीखाली घेतले.

बहिणीच्या वकिलाने दहा मिनिटांत आपलं काम आटोपलं. रक्त हृदयातलं होतं? होतं. लेबल खोटं होतं? होतं. म्हणजे या आकड्यावर विसंबता येत नाही? ते मी कसं सांगणार, मामा म्हणाले, पण बाई तसं म्हणतात. वकील खाली बसला. बहिणीने मामांकडे बघून मान किंचित हलवली.

मग पोलिसांची वकीलबाई उठली. तिने रक्ताचं नावही काढलं नाही. तिचा स्वर अगदी घरच्यासारखा होता.

"मामा म्हणतात ना तुम्हाला? मी म्हटलं तर चालेल? शवागारात देह कोणी उतरवून घेतला?"

"मी."

"एकट्याने?"

"त्या दिवशी एकट्यानेच. जोडीदार रजेवर होता."

"वजन किती होतं त्याचं?"

"ब्याऐंशी किलो."

"ब्याऐंशी किलोचा देह तुम्ही एकट्याने कसा उतरवता, ते साहेबांना जरा सांगता?"

मामांनी सांगितलं, कारण खरं सांगायला ते आले होते. वरून आलेली ढकलगाडी शवागाराच्या ट्रॉलीला भिडवायची, काखेत हात घालून देह ओढून घ्यायचा, ट्रॉलीची कड उंच आहे, त्यामुळे पाठ त्या कडेवरून घासत येते. शेवटी एक झटका द्यावा लागतो.

"कुठली बाजू घासते?"

आपण कुठे चाललो आहोत ते मामांना आत्ता दिसलं.

"डावी," ते म्हणाले. मग घाईने पुढे म्हणाले की मेलेल्या माणसाला असं साकळत नाही, रक्त फिरत नसतं, आणि कातडीवर ओरखडा नव्हता, बाईंना विचारा.

"बाईंना विचारणारच आहोत. तुमच्या बाई तुमच्या हाताखाली काय होतंय ते अकरा वर्षं बघत नव्हत्या, असं त्यांनी स्वतःच लिहून दिलंय." तिने एक कागद उचलला. "देह आला तेव्हा तो कसा उतरवला, याची नोंद तुम्ही केलीत?"

"अशी नोंद करत नाहीत."

"पाठीवर आधी काही होतं-नव्हतं याची?"

"करत नाहीत."

"म्हणजे शवागारात त्या देहाचं काय झालं, याला साक्षीदार एकच. तुम्ही. आणि तुमच्या लिहिण्यावर विश्वास ठेवू नका, असं तुम्हीच आम्हाला सांगितलंत." ती बसली. "माझं झालं, साहेब."

अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहून घेतलं. पाठीतलं साकळलेलं रक्त, बहिणीच्या बाजूचा तो एकच पुरावा, सकाळपर्यंत पक्का होता. तो आता मामांच्या हातांवर येऊन टेकला होता.

दुपारी बाईंची साक्ष झाली. मेल्यानंतर ओढाताणीने इतकं खोल, इतकं मोठं साकळत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कधीच नाही का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, वैद्यकात कधीच नाही असं मी म्हणत नाही. वकीलबाईने तेवढंच वाक्य अधोरेखित करून घेतलं. अधिकाऱ्यांनी मग विचारलं, आता तपासायला काही शिल्लक आहे का? रक्त संपलं होतं. देह नव्हता. बाई म्हणाल्या, यकृताचा एक तुकडा बरणीत ठेवला आहे, तो मी स्वतः काढला, स्वतः बंद केला. त्यातल्या आकड्याशी हृदयातल्या रक्ताचा आकडा ताडून बघितला तर तो किती फुगलाय याचा अंदाज येऊ शकतो. खात्री देत नाही.

बरणी दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचा आदेश झाला.

जिन्याच्या वळणावर बहीण उभी होती. वकील खाली गाडी बघायला गेला होता. मामा थांबले. तिला ओलांडून जाणं त्यांना जमलं नाही.

"ताई, मला वाटलं होतं..." त्यांनी सुरुवात केली.

"मला माहितीये तुम्हाला काय वाटलं होतं." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मामांना तेच सोसवेना. "खरं बोललात. इथे आणखी कोण बोललं खरं? ते तिघे तर म्हणतात, आम्ही नुसते हात धरले होते." ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "पण हे त्याच दिवशी सांगितलं असतंत ना, मामा, तर मी त्याला नेला नसता. तुमच्याच कपाटात ठेवला असता वर्षभर. पुन्हा कोणीतरी बघितलं असतं."

मामांना सांगावंसं वाटलं की त्या दिवशी त्यांना स्वतःलाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. रोजच्यासारखाच एक दिवस होता. पण ते ऐकून तिला बरं वाटलं नसतं. ती कठड्याला हात धरून उतरत गेली. तिची कारखान्याची अर्ध्या दिवसाची रजा तीनला संपत होती.

चौकशीला आता सहा आठवडे झाले आहेत. तिघांपैकी दोन पोलीस कामावर रुजू झाले आहेत. तिसरा आजारपणाच्या रजेवर आहे. नर्सच्या वकिलाने तिचा खटला पुन्हा उघडण्यासाठी अर्ज केला आहे, आणि त्या अर्जाला मामांच्या कागदाची प्रत जोडली आहे. गेल्या अकरा वर्षांत ज्या दोनशे बारा अहवालांत मत रक्ताच्या आकड्यावर दिलं होतं, त्यांची यादी अधीक्षकांनी मागवली आहे. प्रत्येकासमोर मामांनी "मांडी", "हृदय" किंवा "आठवत नाही" असं लिहून द्यायचं आहे. आजवर त्यांनी एकशे सदतीस लिहिले. त्यांतल्या एकशे नऊंपुढे "आठवत नाही" आहे.

बहिणीला दाखला मिळालेला नाही. ती गुरुवारी येते, पण आता वरच्या मजल्यावर जाते.

दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेने या सोमवारी उत्तर पाठवलं. बरणी सीलबंद पोचली आहे, असं त्यात म्हटलं आहे. तपासणीला अद्याप सुरुवात झालेली नाही.